मेंदूतलं सायलिक आम्ल काढणारी विकरं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जळगाव जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवतो. सायलिडेझ म्हणजे सायलिक आम्ल तोडून काढणारी विकरं, या विषयावर तास झाला की पुढचे आठ दिवस प्रश्न येत राहतात. भुसावळ, धुळे, शिरपूरकडची एमएस्सीची मुलं विचारतात, सेट-नेटची तयारी करणारे विचारतात. अधूनमधून एखादे आईवडीलही विचारतात. त्यांच्या हातात डॉक्टरांनी ‘सायलिडोसिस?’ असं लिहिलेली चिठ्ठी असते. हे पान लिहायला बसलो ते या आईवडिलांमुळे. त्यांनी आधी प्रश्न १० आणि ११ वाचावेत, बाकीचं सवडीने. शाळेच्या पुस्तकातला ‘विकर’ हाच शब्द मी वापरला आहे. तुम्ही एन्झाइम म्हणत असाल तर दोन्ही एकच.

१. सायलिक आम्ल म्हणजे साखर की ॲसिड?

दोन्ही. ग्लुकोजमध्ये सहा कार्बन असतात, या साखरेत नऊ. तिच्यावर एक आम्लगट असतो आणि शरीरातल्या पाण्यात तो ऋणभारित राहतो. मेंदूत सापडणारा तिचा मुख्य प्रकार म्हणजे एन-ॲसिटिल न्यूरामिनिक आम्ल.

तिची जागा लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. प्रथिनांवर आणि स्निग्ध रेणूंवर साखरेच्या साखळ्या लोंबत असतात आणि सायलिक आम्ल बहुतेक वेळा साखळीच्या अगदी टोकाला बसतं. रावेर-यावलच्या मुलांना मी केळीचा घड डोळ्यांसमोर आणायला सांगतो. दांडा म्हणजे प्रथिन, फण्या म्हणजे मधल्या साखरा आणि टोकाचं केळफूल म्हणजे सायलिक आम्ल. घड पुरता निसवला की शेतकरी ते केळफूल मोडतो. घड तसाच राहतो, पण त्याची पुढची वाढ बदलते.

गुन्नार ब्लिक्स यांनी १९३६ मध्ये हा पदार्थ जनावराच्या लाळग्रंथीतल्या बुळबुळीत द्रवातून वेगळा केला. ग्रीक भाषेत लाळेला ‘सायलॉन’ म्हणतात, त्यावरून सायलिक हे नाव आलं. अर्न्स्ट क्लेंक यांना १९४१ मध्ये तोच गाभा मेंदूच्या स्निग्ध पदार्थांत सापडला आणि त्यांनी त्याला न्यूरामिनिक आम्ल म्हटलं. एक नाव लाळेचं आणि एक मेंदूचं, असा हा जोडनावांचा घोळ तेव्हापासून चालत आला आहे.

२. सायलिडेझ आणि न्यूरामिनिडेझ ही वेगवेगळी विकरं आहेत का?

नाही. विकरांच्या यादीत दोघांचा क्रमांक एकच आहे: ३.२.१.१८. काम एकच, पाण्याचा रेणू वापरून टोकाचं सायलिक आम्ल साखळीपासून तोडणं. विषाणूंबद्दल बोलताना लोक न्यूरामिनिडेझ म्हणतात आणि सस्तन प्राण्यांबद्दल बोलताना सायलिडेझ. मीही तसंच लिहितो, म्हणजे वाचणाऱ्याचा गोंधळ होत नाही.

३. एच१एन१ मधला ‘एन’ म्हणजेच आपल्या मेंदूतलं विकर का?

‘एन’ म्हणजे न्यूरामिनिडेझ हे खरं, पण ते विषाणूचं स्वतःचं असतं. नवे विषाणू पेशीतून बाहेर पडताना पेशीवरच्याच सायलिक आम्लाला चिकटून बसतात. ते तोडून वाट मोकळी करायला त्यांना हे विकर लागतं.

आपल्या आणि विषाणूच्या विकराचा अमिनो आम्लांचा क्रम जुळवायला गेलं तर फारसं काही जुळत नाही. घडण मात्र थक्क करणारी सारखी आहे. दोन्हींचा आकार सहा पात्यांच्या पंख्यासारखा आणि मध्ये खाच. खाचेत तीन आर्जिनिन सायलिक आम्लाचा ऋणभारित गट धरून ठेवतात आणि एक टायरोसिन प्रत्यक्ष तोडण्याचं काम करतं. घडण सारखी असल्यामुळेच ‘फ्लूच्या गोळीने मेंदूतलं विकरही बंद पडेल का’ ही शंका येते. तिचं उत्तर प्रश्न १६ मध्ये आहे.

४. हे आम्ल मेंदूतच एवढं का असतं?

चेतापेशीचं सगळं काम तिच्याभोवतीच्या पडद्यावर चालतं आणि सायलिक आम्लाची वस्तीही पडद्यावरच असते. मेंदूतल्या एकूण सायलिक आम्लापैकी साधारण दोन तृतीयांश गँग्लिओसाइड नावाच्या स्निग्ध रेणूंवर असतं. एक तृतीयांशाच्या आसपास प्रथिनांवर असतं आणि अगदी थोडं मोकळं. गँग्लिओसाइडपैकी जीएम१, जीडी१ए, जीडी१बी आणि जीटी१बी या चार नावांची ओळख ठेवा, पुढे लागतील.

इतका ऋणभार पडद्याबाहेर जमला की पडदे एकमेकांना दूर लोटतात आणि कॅल्शियमसारखे धनभारित आयन जवळ ओढले जातात. विद्युतसंदेशही बदलतो. सोडियमच्या वाहिन्या सायलिक आम्लाने लगडलेल्या असतात. उंदराच्या हिप्पोकॅम्पसच्या (मेंदूतल्या स्मरणाशी जोडलेल्या भागाच्या) कापांवर सायलिडेझ टाकलं तेव्हा या वाहिन्या उघडायला जास्त विद्युतदाब लागू लागला आणि कापात झटक्यांसारखी खळबळ सहज उठेनाशी झाली. टोकाची एक साखर काढल्याने चेतापेशीचा स्वभाव बदलतो, तो असा.

५. सस्तन प्राण्यांत किती सायलिडेझ आहेत आणि मेंदूत कोणती?

चार: न्यू-१, न्यू-२, न्यू-३ आणि न्यू-४. चारही एकच बंध तोडतात. मग चार कशाला? कारण चौघांची जागा वेगळी आणि समोर येणारा माल वेगळा.

न्यू-१ लायसोसोममध्ये म्हणजे लयकारिकेत, पेशीतला जुना माल पचवणाऱ्या पिशवीत असतं आणि मेंदूतल्या सायलिडेझच्या कामाचा मोठा वाटा उचलतं. त्याचं जनुक माणसाच्या सहाव्या गुणसूत्रावर आहे. ते एकटं टिकत नाही. कॅथेप्सिन-ए हे संरक्षक प्रथिन आणि बीटा-गॅलॅक्टोसिडेझ हे गॅलॅक्टोज साखर तोडणारं विकर यांच्या सोबतीने ते एका संकुलात राहतं आणि कॅथेप्सिन-ए नसेल तर लवकर नष्ट होतं. प्रश्न १० समजायला ही सोबत माहीत हवी. न्यू-१ फक्त लायसोसोममध्ये कोंडलेलं असतं असं मात्र समजू नका, काही वेळा ते पेशीच्या बाहेरच्या पडद्यावरही येतं.

न्यू-२ पेशीद्रवात असतं. सस्तन प्राण्यांच्या सायलिडेझपैकी सर्वांत आधी जनुक हाती लागलं ते याचंच, उंदराच्या स्नायूतून, १९९३ मध्ये. मेंदूत ते नगण्य आहे, त्यामुळे या पानावर त्याचा उल्लेख पुढे क्वचितच येईल.

न्यू-३ पेशीच्या पडद्यात बसलेलं असतं आणि त्याची आवड जवळजवळ पूर्णपणे गँग्लिओसाइडची. कोवळ्या चेतापेशीला सुरुवातीला सारखेच चार-पाच फाटे फुटतात, त्यातला एकच पुढे लांब अक्षतंतू म्हणजे संदेश दूर नेणारा धागा होतो. उंदराच्या पेशींत असं दिसलं की हे विकर एकाच फाट्याच्या टोकाशी गोळा होतं आणि तोच फाटा अक्षतंतू होतो. विद्यार्थ्यांना हा भाग शिकवताना माझा तास नेहमी लांबतो.

न्यू-४ मेंदूत भरपूर असतं. उंदराच्या पिल्लात ते जन्मानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत झपाट्याने वाढतं. पेशीत ते एका जागी नसतं. माणसात त्याची दोन रूपं आहेत. लांब रूपाच्या सुरुवातीला बारा अमिनो आम्लांची जास्तीची शेपटी असते, ती त्याला तंतुकणिकेकडे नेते. आखूड रूप इतर पडद्यांवर राहतं.

६. प्रथिनांवरून सायलिक आम्ल नेमकं कोण काढतं?

परीक्षेत इथे गुण जातात. प्रथिनांवरून काढणारी विकरं म्हणजे न्यू-१ आणि न्यू-४. न्यू-३ प्रथिनांना जवळपास हात लावत नाही.

त्यातही दोन वेगळी कामं आहेत आणि ती वेगळी ठेवली नाहीत तर सगळा विषय गढूळ होतो. पहिलं काम मोडतोडीचं. जुनं ग्लायकोप्रोटीन म्हणजे साखरेच्या साखळ्या असलेलं प्रथिन लायसोसोममध्ये आलं की साखळी टोकाकडून एकेक साखर सोडत मोडली जाते. सायलिक आम्ल निघालं तरच बीटा-गॅलॅक्टोसिडेझला पुढचं गॅलॅक्टोज दिसतं. कांद्याचं वरचं सालच निघालं नाही तर आतल्या पाकळीपर्यंत हात पोचणार कसा?

दुसरं काम संदेशाचं. पेशीच्या पडद्यावरच्या ग्राहक प्रथिनावरून (रिसेप्टरवरून) सायलिक आम्ल काढलं की तो ग्राहक जागा होऊ शकतो. चेतावृद्धी घटकाच्या ट्रक-ए या ग्राहकाबाबत असंच दिसलं: घटक येऊन चिकटला की पडद्यावरचं न्यू-१ कामाला लागतं, ग्राहकावरचं सायलिक आम्ल निघतं आणि मग ग्राहक जोडीने एकत्र येऊन संदेश आत पाठवतो. या ठिकाणी विकर पेशीचं दार उघडत असतं. पाठ्यपुस्तकं सायलिडेझला ‘विघटन करणारी विकरं’ या प्रकरणात टाकतात. त्यामुळे मुलांच्या डोक्यात सफाई कामगाराचीच प्रतिमा राहते आणि अर्धा विषय नजरेआड होतो.

७. पॉलिसायलिक आम्ल म्हणजे वेगळं काही का?

साखर तीच, रचना वेगळी. एन-कॅम नावाचं एक चिकट प्रथिन चेतापेशींना एकमेकींशी धरून ठेवतं. त्याच्यावर सायलिक आम्लाची एकाला एक जोडलेली लांबलचक माळ चढते, डझनावारी मण्यांची आणि कधी त्याहून मोठी. माळ पाणी धरून फुगते आणि पेशींमधली पकड सैल होते. वाढत्या मेंदूत पेशींना सरकायला जागा हवी असते, म्हणून तेव्हा ही माळ सगळीकडे असते. मोठेपणी ती हिप्पोकॅम्पस आणि गंधमार्गासारख्या, जिथे बदल चालूच असतो अशा भागांत उरते.

ती चढवणारी विकरं दोन, एसटी८सिया-२ आणि एसटी८सिया-४. उतरवणारी कोणती, हे बरीच वर्षं कोडं होतं, कारण बहुतेक सायलिडेझ या माळेपुढे थकतात. २०१२ मध्ये उंदराचं न्यू-४ ती तोडू शकतं असं दाखवलं गेलं. पुढे असंही दिसलं की मेंदूतल्या रक्षक पेशी म्हणजे मायक्रोग्लिया चिडल्या की न्यू-१ असलेल्या बारीक पिशव्या बाहेर सोडतात आणि आजूबाजूची माळ काही मिनिटांत कापली जाते. माळेत अडकवून ठेवलेले वाढीचे घटक तेव्हा मोकळे होतात.

८. तोडलेलं सायलिक आम्ल जातं कुठे?

वाया जात नाही. लायसोसोमच्या भिंतीत सायलिन नावाचं वाहक प्रथिन असतं, ते त्याला पेशीद्रवात सोडतं. तिथून पुन्हा वापरात घेताना एक गंमतीचा अपवाद दिसतो. इतर साखरा पेशीद्रवात यूडीपी किंवा जीडीपी या वाहक रेणूंना जोडून तयार होतात. सायलिक आम्ल मात्र सीएमपीला जोडलं जातं आणि प्राण्यांच्या पेशीत हे काम चक्क केंद्रकात होतं. तिथून पेशीतल्या गॉल्जी नावाच्या भागात जाऊन ते नव्या साखळीच्या टोकाला बसतं.

सायलिनच बिघडलं तर मोकळं सायलिक आम्ल लायसोसोममध्ये कोंडतं. हा साला आजार, फिनलंडमधल्या साला या गावाच्या नावाचा. सायलिडोसिसमध्येही सायलिक आम्लच साचतं, पण ते साखळीला जोडलेलं असतं. लघवीच्या तपासणीत ‘मोकळं’ आणि ‘बद्ध’ असे दोन आकडे येतात ते याचसाठी. रिपोर्ट वाचताना दोन्ही आकडे पाहा.

९. सायलिक आम्ल निघालं हे ओळखायला शेंगदाणे लागतात, हे खरं का?

खरं आहे, आणि शेंगदाण्याच्या मुलखात हे सांगताना मला फार आनंद होतो. शेंगदाण्यात एक लेक्टिन असतं, म्हणजे ठरावीक साखर ओळखून तिला चिकटणारं प्रथिन. ते गॅलॅक्टोज आणि त्याच्या मागच्या गॅलॅक्टोसॅमिनच्या जोडीला धरतं. वर सायलिक आम्ल बसलेलं असलं की ही जोडी झाकलेली असते. टोपी काढली की शेंगदाण्याचं लेक्टिन येऊन चिकटतं.

वर्गात दाखवायचा प्रयोग सोपा आहे. मूठभर कच्चे दाणे, भाजलेले अजिबात नकोत, सालं काढून जाडसर कुटायचे, सलाइनमध्ये तासभर भिजवून गाळून घ्यायचे. दोन नळ्यांत धुतलेल्या तांबड्या पेशी घ्यायच्या. एकीत विकत मिळणारं जिवाणूजन्य सायलिडेझ घालून ३७ अंशांवर अर्धा तास ठेवायचं, दुसरीत नुसतं सलाइन. मग पेशी धुऊन दोन्हींत शेंगदाण्याचं पाणी टाकायचं. साधी नळी हलवली तर रक्त एकसारखं गुलाबी दिसतं. विकर घातलेल्या नळीत पेशींचे दाणेदार गोळे बनतात आणि तळाशी बसतात. रक्तपेढीतही हाच गुण वापरतात.

मेंदूच्या कापावर काम करताना हेच लेक्टिन चमकणाऱ्या रंगाला जोडून वापरतात. सायलिक आम्ल जागेवर आहे का, आणि कोणत्या जोडणीने, हे पाहायचं असेल तर मॅकिया नावाच्या झाडाचं लेक्टिन २-३ जोडणी (सायलिक आम्लाचा दुसरा कार्बन शेजारच्या साखरेच्या तिसऱ्या कार्बनला जोडलेला) ओळखतं आणि एल्डरच्या सालीतलं २-६ जोडणी.

१०. डॉक्टर म्हणाले मुलाच्या डोळ्यात चेरीसारखा लाल ठिपका आहे. म्हणजे सायलिडोसिसच का?

लाल ठिपका एकट्याने निदान ठरवत नाही. दृष्टिपटलाच्या मधल्या भागाभोवतीच्या चेतापेशींत न पचलेला माल साचला की त्या पांढुरक्या दिसतात. अगदी मधल्या बिंदूवर त्या पेशी नसतात, म्हणून तिथला मूळ लाल रंग उठून दिसतो. टे-सॅक्स आजारातही असाच ठिपका असतो, इतर काही साठवण-आजारांतही असतो.

सायलिडोसिस म्हणजे न्यू-१ या सायलिडेझच्या जनुकातला दोष. त्याचे दोन प्रकार मानतात. पहिला बहुधा किशोरवयात किंवा विशीत उघड होतो: हातपाय हलवताना अचानक झटके बसतात, चालण्याचा तोल जातो, नजर मंदावते. बुद्धी बरीचशी शाबूत राहते, म्हणून अशा मुलांना शाळा-कॉलेज सोडायला लावू नका. दुसरा प्रकार लहानपणीच, कधी जन्मापूर्वीच दिसतो. त्यात चेहऱ्याची ठेवण जाड होते, यकृत आणि प्लीहा वाढतात, हाडं बिघडतात, वाढ खुंटते.

तिसरं नाव ऐकाल ते गॅलॅक्टोसायलिडोसिस. त्यात न्यू-१ चं जनुक ठीक असतं, दोष कॅथेप्सिन-ए या त्याच्या संरक्षक सोबत्यामध्ये असतो. सोबती गेला म्हणून न्यू-१ टिकत नाही आणि बीटा-गॅलॅक्टोसिडेझही पडतं (प्रश्न ५). म्हणून तपासणीत दोन्ही विकरं मोजायला सांगतात. एकच कमी आलं तर वाट एक, दोन्ही कमी आली तर दुसरी.

बरं करणारं औषध आज नाही. झटके आटोक्यात ठेवणारी औषधं, फिजिओथेरपी आणि डोळ्यांची नियमित तपासणी यांनी रोजचं जगणं सोपं होतं. ‘मेंदूची साखर वाढवणारं चूर्ण’ म्हणून काही देऊ करणारे भेटले तर त्यांना पैसे देऊ नका, ही माझी हात जोडून विनंती आहे.

११. आमचं लग्न मामाच्या घरातलं. दुसऱ्या मुलालाही होईल का? आणि तपासणी कुठली करायची?

आजार अप्रभावी पद्धतीने येतो. आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशा दोन्ही प्रती बिघडलेल्या आल्या तरच होतो. आईवडील दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात शक्यता २५ टक्के. ‘एकाला झाला, आता पुढचे तीन मोकळे’ असा हिशेब चालत नाही. दरवेळी नाणेफेक नव्याने होते. नंदुरबारकडच्या लोकांना सिकलसेलमुळे वाहक ही कल्पना चांगली माहीत असते. हिशेब अगदी तोच. नात्यातल्या लग्नात दोघांकडे एकच दुर्मीळ दोष असण्याची शक्यता वाढते, तो कुणाचा गुन्हा नाही. सुनेला बोल लावणाऱ्या घरांना मी ठासून सांगतो की दोष नेहमी दोन्हीकडून आलेला असतो.

तपासणीबद्दल एक कटू अनुभव. एका कुटुंबाचा नमुना मे महिन्यात जळगावहून मोठ्या शहरात पाठवला गेला. बाहेर पारा ४५ ला टेकलेला. बर्फ वाटेतच वितळला, तिथल्या कुणीतरी नमुना नंतर गोठवून ठेवला आणि अहवाल आला, ‘सायलिडेझ अत्यल्प’. घरात सुतक पडल्यासारखं झालं. न्यू-१ मुळातच नाजूक विकर आहे, गोठवलं आणि वितळवलं की त्याचं काम बसतं. पुन्हा ताज्या नमुन्यावर तपासलं तेव्हा आकडा व्यवस्थित होता. त्या मधल्या तीन आठवड्यांत त्या आईने जे सोसलं ते कुठल्याच अहवालात येत नाही.

म्हणून तीन गोष्टी विचारा. नमुना ताज्या पांढऱ्या पेशींचा किंवा वाढवलेल्या त्वचापेशींचा आहे का? त्याच नमुन्यात दुसरं एखादं विकर मोजून नमुना जिवंत होता हे पाहिलं का? जनुकाची तपासणी केली का? जनुक तपासणीसाठी जांभळ्या टोपणाच्या नळीतलं रक्त लागतं. डीएनए विकरापेक्षा खूप चिवट असतो, खानदेशच्या उन्हात हा मोठाच दिलासा. जोडीला लघवीतल्या साखळ्यांची तपासणीही सांगतात. पुढच्या गरोदरपणाआधी जनुकतज्ज्ञांचा सल्ला घ्या. कुटुंबातला दोष नेमका कळलेला असेल तर गर्भाची तपासणी करता येते.

१२. बोकडाच्या मेंदूवर हे विकर मोजता येईल का? प्रॅक्टिकलला काय काळजी घ्यायची?

येतं, आणि छान येतं. पहाटे खाटकाकडे जायचं, थर्मासमध्ये बर्फ घेऊन. मेंदू पिशवीत घालून बर्फात पुरायचा. डीप फ्रीजरमध्ये टाकू नका, कारण प्रश्न ११ मध्ये सांगितलंच. प्रयोगशाळेत पडदे आणि रक्तवाहिन्या चिमट्याने सोलायच्या, करडा भाग थंड सुक्रोजच्या द्रावणात काचेच्या होमोजिनायझरमध्ये आठ-दहा वेळा घोटायचा. हात गरम होतात, म्हणून नळी बर्फाच्या भांड्यातच धरायची.

मोजण्यासाठी फोर-एमयू-नाना नावाचा पदार्थ वापरतात: सायलिक आम्लाला जोडलेला, स्वतः न चमकणारा रेणू. पीएच ४.५ च्या ॲसिटेट बफरमध्ये ३७ अंशांवर तासभर ठेवायचं, मग अल्कधर्मी द्रावण टाकून थांबवायचं. सुटलेला भाग अल्कधर्मी द्रावणातच झगझगीत निळा चमकतो. फ्लुओरोमीटर बंद असेल तर दुकानदाराचा नोटा तपासायचा निळा दिवा अंधारात धरा. आकडा नाही मिळणार, पण कोऱ्या नळीशेजारी कामाची नळी निळी उजळते तेव्हा मागच्या बाकावरची मुलंसुद्धा उठून पुढे येतात.

हा पदार्थ चौघांपैकी कुणीही तोडू शकतं, म्हणून मिळालेला आकडा ‘एकूण’ असतो. प्रथिनांवरचं काम पाहायचं असेल तर वासराच्या रक्तातलं फेट्युइन हे सायलिक आम्लवालं प्रथिन द्या आणि न्यू-३ पाहायचं असेल तर मिश्र गँग्लिओसाइड, सोबत थोडा ट्रायटॉन (साबणासारखा पदार्थ).

१३. ‘सर, भेजा खाईसन हुशारी वाढी का?’

नाही. शिजवताना विकर मोडतं आणि उरलेलं पोटात पचतं. नवजात बाळाला सायलिक आम्ल आईच्या दुधातून भरपूर मिळतं. चिकात, म्हणजे पहिल्या दुधात, ते सर्वांत जास्त असतं. म्हणून पहिलं दूध पिळून टाकू नका. मोठ्या माणसाचं यकृत आणि मेंदू ते स्वतः बनवतात.

१४. टे-सॅक्सचा दोष दिलेले उंदीर ठणठणीत कसे राहतात? यात सायलिडेझचा काय संबंध?

माझा सर्वांत आवडता अपवाद. टे-सॅक्समध्ये हेक्सोसॅमिनिडेझ-ए हे विकर नसतं, म्हणून जीएम२ हा गँग्लिओसाइड साचतो आणि मूल लहानपणीच दगावतं. उंदरात तेच जनुक बंद केलं तर तो बराच काळ जवळपास नेहमीसारखा जगतो. कारण उंदराचं सायलिडेझ जीएम२ वरचं सायलिक आम्ल आधी काढतं. उरलेला रेणू हेक्सोसॅमिनिडेझ-बी पचवू शकतं. मुख्य रस्ता बंद झाला तरी शेताच्या बांधावरून गाडी निघून जाते. टे-सॅक्सच्या दोषासोबत उंदरातलं न्यू-३ ही बंद केलं तेव्हा ही पायवाट बुजली आणि माणसासारखा गंभीर आजार दिसला. माणसात ही पायवाट पुरेशी चालत नाही.

१५. अल्झायमरमध्ये सायलिडेझ चांगलं की वाईट?

जागेवर अवलंबून आहे, आणि हे उत्तर टाळाटाळीचं नाही. लायसोसोममध्ये न्यू-१ कमी पडलं की नको असलेला माल पेशीबाहेर टाकला जाऊ लागतो. न्यू-१ नसलेल्या उंदरांच्या मेंदूत अमायलॉइडचा (अल्झायमरमध्ये साचणाऱ्या प्रथिनाचा) साठा दिसला तो अशा मार्गाने. म्हणजे आत कमी असणं वाईट.

बाहेर उलट. चेतापेशीवरचं सायलिक आम्ल मायक्रोग्लियाला ‘मी आपली आहे’ अशी खूण देतं, सिग्लेक नावाचे ग्राहक ती वाचतात. मायक्रोग्लिया चिडून न्यू-१ पडद्यावर आणतात, खूण पुसली जाते आणि धडधाकट चेतापेशीसुद्धा गिळली जाऊ शकते. सीडी-३३ हा सिग्लेक अल्झायमरच्या जोखमीशी जोडलेला आहे, म्हणून या भागाकडे संशोधकांचं लक्ष आहे. ‘सायलिडेझ वाढवा’ किंवा ‘रोखा’ असं एका वाक्यात सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

१६. फ्लूची गोळी मेंदूतली ही विकरं बंद करते का?

ओसेल्टामिवीर या फ्लूच्या औषधाचं क्रियाशील रूप माणसाच्या चारही सायलिडेझना जवळपास रोखत नाही. झानामिवीर हे फ्लूचं दुसरं औषध न्यू-२ आणि न्यू-३ ला रोखतं, पण विषाणूच्या विकराला लागते त्यापेक्षा खूप जास्त मात्रेत. जपानमध्ये ओसेल्टामिवीर घेतलेल्या किशोरवयीन मुलांच्या वागण्यात बदल झाल्याच्या नोंदींमुळे २००७ मध्ये मोठी चिंता पसरली होती, पण त्याचा दोष मेंदूतल्या सायलिडेझवर सिद्ध झालेला नाही. फ्लूच्या तापातही मूल बरळतं. डॉक्टरांनी दिलेली गोळी या भीतीने बंद करू नका.

१७. मणक्याच्या दुखापतीत सायलिडेझ औषध म्हणून वापरतात, असं वाचलं. खरं?

उंदरांमध्ये, होय. तुटलेल्या अक्षतंतूची वाढ त्याच्याभोवतीच्या मायलिन आवरणावरचं मॅग नावाचं प्रथिन रोखतं आणि ते पकडतं अक्षतंतूवरच्या जीडी१ए आणि जीटी१बी यांचं सायलिक आम्ल. मज्जारज्जू दुखावलेल्या उंदरांना त्या जागी जिवाणूजन्य सायलिडेझ दिल्यावर हालचाल सुधारली. माणसात हा उपचार उपलब्ध नाही. मोटारसायकल अपघातात मणका दुखावलेल्या तरुणांचे भाऊ मला हे विचारतात, म्हणून स्पष्ट लिहिलं.

१८. रात्रभर विकर लावून ठेवलं तरी सगळं सायलिक आम्ल निघालं नाही. विकर खराब होतं का?

बहुधा नाही. आधी पाहा नमुना कुठला होता. मेंदूच्या गँग्लिओसाइडवर काम केलं असेल तर जीएम१ वर येऊन गाडी थांबते. त्याचं सायलिक आम्ल टोकाला नसून मधल्या गॅलॅक्टोजवर असतं आणि शेजारच्या साखरेच्या आडोशाला बसलेलं असतं. जीडी१ए, जीडी१बी, जीटी१बी सगळे सोलत सोलत जीएम१ पर्यंत येतात आणि तिथे टिकतात. लायसोसोममध्येही आधी बाहेरच्या साखरा निघून जीएम३ हा लहान गँग्लिओसाइड झाल्यावरच ते सुटतं (उंदराचा अपवाद प्रश्न १४ मध्ये).

नमुना प्रथिनांचा असेल तर ॲसिटिल गट तपासा. सायलिक आम्लाच्या चौथ्या कार्बनवर ॲसिटिल असेल तर बहुतेक सायलिडेझ तिथे चालत नाहीत. घोड्याच्या रक्तातली प्रथिनं याचं नेहमीचं उदाहरण. नवव्या कार्बनवर असेल तर वेग मंदावतो. सौम्य अल्कली लावून हे गट आधी उतरवा आणि मग विकर लावा. तिसरं कारण जोडणीचं: ज्या विकराला २-३ आवडतं त्याला २-८ ची माळ दिली (प्रश्न ७), तर ते रात्रभर बसूनही थोडंच तोडेल. आणि प्रत्येक वेळी एका नळीत फेट्युइन ठेवा. फेट्युइन सोललं गेलं आणि तुमचा नमुना नाही, तर विकर ठीक आहे, अडलेलं आहे ते नमुन्याच्या रचनेत.